कोरी ओळ

सोलापुरात 'हुतात्मा' हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. स्टेशनवर कुणी 'हुतात्मा गेली का हो?' म्हणून विचारलं, तर त्याला पुण्याची गाडी पकडायची असते. 'हुतात्म्याला आज कुठलं नाटक?' म्हणजे हुतात्मा स्मृतिमंदिरात. रिक्षावाल्याला 'चार पुतळ्यापाशी सोडा' एवढं पुरतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही चार नावं इथल्या शाळेतली पोरं एका दमात म्हणून दाखवतात. मे १९३० मधला मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ची येरवड्यातली फाशी या शहरानं गाडीवर, नाट्यगृहावर आणि चौकात लिहून ठेवली आहे. गेलेल्यांची आठवण मोठ्यानं काढायची, हा इथला रिवाज.

या रिवाजात एकच माणूस बसत नाही. तो म्हणजे हेर. कामगिरीवर असताना तो मारला गेला, तर त्याचं नाव मोठ्यानं घेता येत नाही. कारण अगदी व्यवहारी आहे. नाव जाहीर झालं की त्याची खोटी ओळख उघडी पडते. मग त्या ओळखीला आधार देणारी कंपनी किंवा वकिलात उघडी पडते. समोरच्या देशातला एखादा कारकून जुन्या व्हिसाच्या नोंदी, हॉटेलांची रजिस्टरं आणि टेलिफोनची बिलं काढून बसतो आणि कुठल्या तारखेला हा कुणाला भेटला ते जुळवत जातो. त्या यादीतले दोन-चार लोक अजून जिवंत असतात, कुठेतरी भाजी आणायला जात असतात. त्यांच्या जिवासाठी मेलेल्याचं नाव दहा-वीस वर्षं, कधी पन्नास वर्षं झाकून ठेवावं लागतं.

तर अशा माणसाची आठवण ठेवायची कशी? जगात याची काही उत्तरं शोधली गेली आहेत, आणि ती दगडात, चामड्यात, सरकारी कागदांत आहेत. त्यातलं एक उत्तर आपल्या डोळ्यांसमोर दरवर्षी घडतं, पण ते हेरांशी जोडलेलं आहे हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

२१ ऑक्टोबरची सकाळ. सोलापूरच्या पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर, आणि त्याच वेळी देशातल्या जवळजवळ प्रत्येक पोलीस मैदानावर, तुकडी उभी असते. 'शोक शस्त्र'चा हुकूम होतो. बंदूक उलटी होते, नळीचं तोंड बुटाच्या टोकावर, हात दस्त्यावर, मान खाली. बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजतं, मग स्तब्धता, मग 'राउज'. त्यानंतर यादी वाचतात. आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्यावर मेलेल्या पोलिसांची नावं, राज्यवार आणि दलवार. यादी लांबलचक असते, ऊन चढत जातं, मागच्या रांगेतला नवा शिपाई पायाचा भार बदलतो. असमचं नाव, झारखंडचं नाव, छत्तीसगडची तर ओळीनं नावं. वाचणारा अडखळतो, कारण मिझो किंवा तमिळ नाव देवनागरीत लिहिणाऱ्यानं ते नीट ऐकलेलं नसतं. ही कसर मला लागते. वर्षातून एकदा घ्यायचं नाव तरी बरोबर घ्यावं. आदल्या संध्याकाळी यादी दोनदा मोठ्यानं वाचून पाहिली, तरी बरंच निभावतं.

या दिवसाचा उगम लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जला आहे. ऑक्टोबर १९५९ मध्ये सोळा हजार फुटांच्या आसपासच्या त्या ठाण्यावरून पुढची वाट पाहायला तीन टोळ्या गेल्या. दोन परतल्या, तिसरी आली नाही. दोन शिपाई आणि एक हमाल असे तिघे त्यात होते. २१ तारखेला त्यांना शोधायला हाती होती ती सगळी माणसं घेऊन तुकडीचे अधिकारी करमसिंग निघाले. दुपारच्या सुमारास टेकडीवरून चिनी सैनिकांनी गोळीबार केला, हातबॉम्ब टाकले. खाली आडोसा नव्हता. दहा जण ठार झाले, करमसिंगांसह काही जण कैद झाले. मृतदेह परत मिळाले ते तीन आठवड्यांनी, १३ नोव्हेंबरला. हे प्रकरण सगळीकडे 'सीआरपीएफचे जवान' असं सांगितलं जातं, आणि त्या तुकडीत ते होतेच. पण तुकडीचे प्रमुख करमसिंग हे गुप्तवार्ता खात्याचे, म्हणजे आयबीचे अधिकारी होते आणि तुकडीत आयबीची माणसंही होती. तेव्हा त्या सीमेवरची ठाणी आयबी सांभाळत होती. जानेवारी १९६० मध्ये पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेनं २१ ऑक्टोबर हा स्मृतिदिन ठरवला.

म्हणजे हेरखात्याच्या माणसानं नेलेली एक तुकडी सबंध देशाच्या पोलिसांच्या शोकदिनाच्या मुळाशी आहे, आणि हेरखात्याचं नाव मात्र त्यातून गळून गेलं आहे. मुद्दाम कुणी खोडलं असं नाही. खाकी वर्दीच्या घोळक्यात साधा कपडा सहज मिसळून गेला. भारतात हेरांचा सन्मान बहुतेक वेळा असाच, पोलिसांच्या सावलीत होतो. दिल्लीत चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. २१ ऑक्टोबर २०१८ ला ते खुलं झालं. मधोमध तीस फूट उंचीचा काळ्या ग्रॅनाइटचा स्तंभ, वजन २३८ टन, शिल्पकार अद्वैत गडनायक. बाजूच्या शौर्यभिंतीवर तेव्हा ३४,८४४ नावं कोरलेली होती. राज्यांचे पोलीस आणि केंद्रीय दलांबरोबर आयबीचीही नावं तिथे आहेत. पोलीस पदकांच्या यादीत रॉ या परदेशी हेरगिरीच्या खात्यातल्या अधिकाऱ्यापुढे खात्याच्या जागी 'मंत्रिमंडळ सचिवालय' असं येतं. वाचणाऱ्याला वाटतं, फायलींवर सह्या करणारा कुणी असेल.

अमेरिकेच्या सीआयएनं वेगळी वाट काढली. व्हर्जिनियातल्या लँग्ली इथल्या मुख्यालयात शिरल्यावर उत्तरेकडच्या भिंतीवर पांढऱ्या अलाबामा संगमरवरात नुसते तारे कोरले आहेत. भिंत १९७४ मध्ये उभी राहिली तेव्हा ३१ तारे होते. पुढच्या पन्नास वर्षांत ते १४० झाले. वर एक ओळ आहे, देशसेवेत प्राण दिलेल्यांच्या सन्मानार्थ अशा आशयाची. भिंतीवर नाव एकही नाही.

तारा कोरण्याची रीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. प्रत्येक तारा सव्वादोन इंच उंच, सव्वादोन इंच रुंद, अर्धा इंच खोल. दोन ताऱ्यांमध्ये सहा इंच. आधी साच्यानं भिंतीवर बाह्यरेषा उतरवतात, मग हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यानं आणि छिन्नीनं पाचही बाजू आत उतरत्या काढतात, म्हणजे मधोमध धारा मिळतात आणि उजेड पडला की ताऱ्याची अर्धी बाजू सावलीत जाते. धूळ झटकून आत काळा रंग फवारतात. तो रंग वर्षं जातील तसा फिका होऊन करडा पडतो. त्यामुळे भिंतीकडे नुसतं पाहूनही नवा तारा कुठला ते कळतं. मूळ शिल्पकार हॅरॉल्ड व्होगेल. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसानं पुढे हे काम चालवलं. यात चूक झाली तर सावरता येत नाही. संगमरवराचा टवका उडाला की ती जागा कायमची बिघडली, आणि शेजारी सहा इंचांवर दुसऱ्या कुणाचा तारा असतो. आपल्याकडच्या पाथरवटाला हे लगेच कळेल. फरक एवढाच, की आपला काळा दगड संगमरवरापेक्षा चिवट, आणि आपल्याकडे हल्ली स्मारकाची अक्षरं वाळूच्या मारानं खोदून वर सोनेरी रंग भरतात. सोलापूरचा चव्वेचाळीस अंशांचा उन्हाळा तो रंग फार वर्षं टिकू देत नाही. नंतर नाव वाचायला बोटानं चाचपावं लागतं. रंग न भरता खोल व्ही आकाराची अक्षरं काढली तर सावलीच अक्षर दाखवते, पण त्याला मजुरी जास्त पडते.

भिंतीखाली पोलादी चौकटीत, एक इंच जाड काचेखाली एक वही ठेवलेली असते. मोरोक्कन बकऱ्याच्या काळ्या चामड्यात बांधलेली. वहीत सालवार ओळी आहेत, प्रत्येक ओळीत २३ कॅरट सोन्याच्या वर्खाचा छोटा तारा आणि पुढे नाव. काही ताऱ्यांपुढे नाव नाही, ओळ कोरी. सगळी मेख या वहीत आहे. भिंतीवरचे तारे सगळे सारखे, त्यांत उघडा कुठला आणि झाकलेला कुठला हे कळत नाही. पण वहीत कोरी ओळ मोजून ठेवलेली आहे. उद्या नाव जाहीर करता आलं तर ते कुठे लिहायचं, याची जागा आजच राखून ठेवली आहे.

पहिला तारा डग्लस मॅकिअर्नन यांचा. त्यांचं प्रकरण पाहिलं की नाव झाकण्याची किंमत काय असते ते कळतं. चीनच्या पश्चिम टोकाला तिहवा, म्हणजे आजचं उरुम्ची, इथे ते अमेरिकेचे उपवाणिज्यदूत होते, निदान कागदोपत्री. १९४९ मध्ये कम्युनिस्ट फौजा जवळ आल्या तशी त्यांनी एका अमेरिकन सोबत्याला आणि तीन 'गोऱ्या', म्हणजे कम्युनिस्टविरोधी, रशियनांना बरोबर घेऊन तिबेटची वाट धरली. हिवाळा कझाक टोळ्यांत काढला, मग चांगथांगचं पठार ओलांडलं. २९ एप्रिल १९५० ला तिबेटच्या सीमेवरच्या पहारेकऱ्यांनी त्यांना आणि दोन रशियनांना गोळ्या घातल्या. या लोकांना येऊ द्या असा ल्हासाचा निरोप निघालेला होता, पण त्या चौकीवर पोचलेला नव्हता. पोचला तो थोड्याच दिवसांनी.

मग त्यांच्या नावाचं काय झालं? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात, कामावर मेलेल्या राजनैतिक अधिकाऱ्यांच्या फलकावर त्यांचं नाव आलं. म्हणजे एका भिंतीवर खरं नाव आणि खोटी नोकरी, आणि दुसऱ्या भिंतीवर खरी नोकरी आणि नाव नाही. बायको-मुलांनी कुठल्या भिंतीसमोर उभं राहायचं? सीआयएनं त्यांचं नाव वहीत घातलं तोवर अर्धं शतक उलटून गेलं होतं. बार्बरा रॉबिन्स ही एकवीस वर्षांची मुलगी ३० मार्च १९६५ ला व्हिएतनाममधल्या सायगावच्या अमेरिकन वकिलातीवरच्या बॉम्बस्फोटात गेली. तिचं सीआयएशी असलेलं नातं २०११ मध्ये जाहीर झालं. तोवर तिच्या घरच्यांनी शेजाऱ्यांना काय सांगितलं असेल? 'परराष्ट्र खात्यात टायपिस्ट होती' एवढंच. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

अशा ठिकाणी कुटुंबाला पदक देतात, पण बऱ्याचदा ते दाखवून परत घेतात. समारंभ बंद दाराआड, पाहुणे मोजके, फोटो खात्याचा आणि तो खात्यातच राहतो. घरी परतताना हात रिकामे. आपल्याकडे लग्नात आहेर स्वीकारून परत करतात तसलाच हा प्रकार, फक्त इथे आहेर माणसाच्या बदल्यात मिळालेला असतो.

इस्रायलनं तेल अवीवच्या उत्तरेला ग्लिलोट इथे हेरांचं स्मारक बांधलं, १९८५ मध्ये. ओबडधोबड दगडी भिंतींचा भुलभुलैया आहे, वाट वळत जाते आणि भिंतींवर कालखंडानुसार नावं येतात. सीरियात पकडले गेलेले इस्रायलचे हेर एली कोहेन यांचं मात्र आणखी एक ठिकाण आहे. दमास्कसच्या मर्जे चौकात १८ मे १९६५ ला त्यांना जाहीर फाशी दिलं आणि देह आजतागायत परत मिळालेला नाही. जेरुसलेममध्ये हर्झल टेकडीवर, ज्यांचे देह सापडले नाहीत अशांच्या बागेत त्यांच्या नावाचा दगड आहे. २०१८ मध्ये त्यांचं मनगटी घड्याळ मोसाद या इस्रायली हेरखात्यानं परत मिळवलं. देहाच्या जागी घड्याळ. घरच्यांना ते किती पुरलं असेल कोण जाणे, पण हातात धरण्यासारखं काहीतरी मिळालं.

या सगळ्यात जिच्या कामाला मी सगळ्यात वरचा मान देईन ती बाई स्वतः कधी शत्रूच्या मुलखात हेर म्हणून उतरली नव्हती. व्हेरा ॲटकिन्स. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेच्या फ्रेंच शाखेत ती अधिकारी होती. हेर म्हणून फ्रान्सला निघालेल्या मुलामुलींना रात्री विमानतळावर सोडायला ती जायची. त्यांच्या कोटाला फ्रेंच शिंप्याचं लेबल आहे ना, खिशात लंडनचं बसतिकीट राहिलं नाही ना, हे बघायची. युद्ध संपलं तेव्हा शाखेचे ११८ जण बेपत्ता होते. नाझींनी अशा कैद्यांना नाव न ठेवता नाहीसं करायचं धोरणच ठेवलं होतं. व्हेरा जर्मनीला गेली, छळछावण्यांचे अधिकारी, पहारेकरी, भट्टीवाले, वाचलेले कैदी यांच्या जबान्या घेतल्या, तारखा ताडून पाहिल्या आणि ११८ पैकी ११७ जणांचं काय झालं ते शोधून काढलं. हे स्मारकाचं खरं काम. दगड त्यानंतर येतो.

तिचीही एक चूक झाली, आणि ती चूक या विषयात काय बिघडतं ते नेमकं दाखवते. ६ जुलै १९४४ ला नात्झवायलर छावणीत चार बायकांना मारण्यात आलं. तिघींची ओळख पटली. चौथी सावळी, बुटकी, काळ्या केसांची, असं साक्षीदार सांगत होते. व्हेराला वाटलं, ही नूर इनायत खान. टिपू सुलतानाच्या वंशातली, पॅरिसमधून बिनतारी संदेश पाठवणारी नूर. घरच्यांना तसं कळवलं गेलं. पुढे पुरावे जुळेनात. नूरला १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊमध्ये मारलं होतं. नात्झवायलरची चौथी सोनिया ओल्शानेझ्की होती. तिची भरती फ्रान्समध्येच झालेली, त्यामुळे लंडनच्या कपाटात तिची फाइलच नव्हती. जिची फाइल नाही ती कुणाच्या डोळ्यांसमोर येईना, आणि तिच्या मरणाच्या जागी दुसरीचं नाव बसलं.

नूरची फाइल होती म्हणून पुढचं सगळं झालं. तिला विमानदलाच्या महिला तुकडीत हुद्दा दिलेला होता. हेरगिरीसाठी तो बुरखाच होता, पण त्या बुरख्यामुळे तिचं नाव रनीमीडच्या विमानदल स्मारकावर बसलं. १९४९ मध्ये जॉर्ज क्रॉस, २०१२ मध्ये लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये अर्धपुतळा. एसओईनं पोरींना वर्दी दिली त्यामागे एक हिशेब होता. पकडल्या गेल्या तर युद्धकैदी म्हणून वागवतील अशी आशा. ती आशा फोल ठरली, पण मेल्यावर पेन्शन आणि भिंतीवरची जागा मात्र त्या वर्दीनं दिली. फ्रान्समध्ये व्हालाँसे गावात ६ मे १९९१ ला फ्रेंच शाखेच्या १०४ जणांचं स्मारक उभं राहिलं. ९१ पुरुष, १३ बायका.

हे सगळं वाचताना आपल्याकडच्या कागदांकडे नजर जातेच. पहिली गोष्ट, 'शहीद' या शब्दाला सरकारी व्याख्या नाही. संरक्षण आणि गृह या दोन्ही मंत्रालयांनी २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाला तसं सांगितलं आहे. फायलीत चालतो तो शब्द लष्करात 'बॅटल कॅज्युअल्टी', पोलिसांत 'ऑपरेशनल कॅज्युअल्टी'. पैसे मरणाच्या कारणावर ठरतात. केंद्राच्या २०१६ च्या आदेशानुसार कामावरच्या अपघातात किंवा अतिरेक्यांच्या हल्ल्यात गेला तर २५ लाख, सीमेवरच्या चकमकीत ३५ लाख, युद्धात ४५ लाख. आता हेराच्या बाबतीत कारणाच्या रकान्यात काय लिहायचं? परदेशात तो ज्या नावानं राहत होता त्या नावाच्या दाखल्यावर 'रस्ता अपघात' असेल, तर तो दाखला घेऊन बायकोनं कुठल्या खिडकीशी जायचं? खात्यानं आतून पत्र दिलं तर काम होतं. पत्र देणारा अधिकारी बदलून गेला, निवृत्त झाला, तर पुढच्याला ती केस माहीतच नसते, कारण ती मुळात चार जणांनाच माहीत होती. गुप्ततेचा नियम शत्रूला जेवढा आंधळा करतो तेवढाच लेखापालालाही करतो.

देह नसेल तर आणखी अवघड. बेपत्ता सरकारी नोकराच्या कुटुंबाला पोलिसांत तक्रार नोंदवल्यावर सहा महिन्यांनी कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यासाठी शोध लागला नसल्याचा पोलिसांचा अहवाल आणि हमीपत्र लागतं. कायद्यानं मेला असं धरायला सात वर्षं लागतात. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं १०८ वं कलम, आणि नव्या साक्ष्य अधिनियमानंही मुदत तीच ठेवली. धर्मशास्त्र बारा वर्षं वाट पाहायला सांगतं. मग पालाशविधी. ३६० पळसाच्या पानांचा देह मांडायचा, डोक्याला ४०, मानेला १० अशी वाटणी, आणि डोक्याच्या जागी नारळ. त्या पुतळ्याला अग्नी द्यायचा. मुसलमानांतल्या काही परंपरांत देह समोर नसला तर गायबाना जनाज्याची नमाज आहे. म्हणजे देह नसलेल्या मरणाची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली होती. सहा महिने, सात वर्षं, बारा वर्षं, या तीन मुदतींच्या मधे ती बाई असते. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, हे गल्लीला ठरवता येत नाही आणि तिला सांगता येत नाही.

शास्त्रानं आणखी एक शक्यता धरली आहे, आणि ती वाचताना मला नेहमी थांबायला होतं. क्रिया झाल्यावर माणूस परत आला तर? त्याला तुपानं न्हाऊ घालायचं, जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे, आणि त्यानं आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. तो नव्यानं जन्मलेला धरायचा. सरकारी नियमांत असं तूप नाही. राजस्थानातला टपाल खात्याचा एक कर्मचारी म्हणत होता की आपल्याला कामगिरीवर पाकिस्तानात पाठवलं, १९७६ मध्ये पकडलं, चौदा वर्षं कैद झाली. परत आला तेव्हा गैरहजेरीबद्दल नोकरीतून काढलेलं होतं. सरकारनं त्याचा दावा मान्य केला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला दहा लाख रुपये सानुग्रह द्यायला सांगितले. हजेरीपटाला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. खरं उत्तर कुणी लिहून ठेवलं असेल तर ते दुसऱ्याच कपाटात असणार.

अधिकारी आणि खबऱ्या यांत इथे मोठी दरी आहे. अधिकाऱ्याला सेवापुस्तक असतं. खबऱ्याला नेमणूकपत्र नसतं, पैसे गुप्त निधीतून, पावतीवर टोपणनाव. गडचिरोलीत 'खबरी असल्याच्या संशयावरून हत्या' हे शब्द वर्तमानपत्रात येतात तेव्हा तो खबरी होता की नव्हता हे पोलिसांना सांगता येत नाही. होता म्हटलं तर गावात उरलेले खबरी धोक्यात, नव्हता म्हटलं तर होता त्याचा अपमान. त्याची ओळख शेवटी मारणाऱ्यानंच ठरवलेली राहते. पाकिस्तानच्या तुरुंगात असलेल्या सरबजितसिंगचं उलट झालं. भारतानं तो हेर असल्याचं कधी मान्य केलं नाही. मे २०१३ मध्ये लाहोरला तो मारला गेल्यावर पंजाबनं शासकीय इतमामात अंत्यसंस्कार केले, एक कोटी दिले, विधानसभेनं हुतात्मा ठरवलं.

मंत्रिमंडळ सचिवालयाखालीच आणखी एक दल आहे, तिबेटी निर्वासितांमधून उभारलेलं विशेष सीमा दल. १९७१ च्या बांगलादेश युद्धात ते चितगावच्या डोंगरांत लढलं, पन्नासएक जण गेले. दलच अधिकृतपणे नव्हतं, म्हणून शौर्यपदकं नाहीत, रोख बक्षिसं वाटली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीला लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या दक्षिण काठाजवळ जुन्या सुरुंगावर पाय पडून याच दलाचे नीमा तेन्झिन गेले. ७ सप्टेंबरला लेहला त्यांच्या शवपेटीवर भारताचा आणि तिबेटचा असे दोन्ही झेंडे होते. नाव उघड, फोटो उघड. एकोणपन्नास वर्षांत एवढा फरक पडला. तो पडला यात शोकापेक्षा चीनला काहीतरी दाखवून द्यायची गरज जास्त होती, असं मला वाटतं. हेराचं नाव राज्याच्या सोयीनं झाकतात आणि सोयीनंच उघडतात.

म्हणून नाव झाकण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार नाव हरवण्याबद्दल आहे. व्हेराच्या कपाटात सोनियाची फाइल नव्हती, तसं होऊ नये. माणूस कामगिरीवर जाण्याआधी तीन गोष्टी बंद पाकिटात जाव्यात : खरं नाव आणि वारस, मेल्यास कुठल्या नियमाखाली पैसे द्यायचे ते, आणि नाव उघडायचं की नाही याचा पुन्हा विचार कधी करायचा ती तारीख. पाकीट एका अधिकाऱ्याच्या नव्हे तर पदाच्या ताब्यात. खबऱ्यासाठीही असंच पाकीट, भले आत टोपणनावाशेजारी एकच ओळ असो. यात पैसा लागत नाही, कपाट लागतं. माहिती अधिकार कायद्याच्या २४ व्या कलमानं आयबी आणि रॉ यांना वगळलं आहे, तेव्हा बाहेरून मागून हे मिळणार नाही. आतूनच कुणीतरी तारीख पाळावी लागेल.

मराठी मुलखाला या गोष्टी नव्या नाहीत. सांगोल्याच्या पलीकडे, सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी आहे. सभासदाच्या बखरीत त्यांच्या वाट्याला मोजक्या ओळी आहेत. जालन्याहून परतताना वेढा पडायची वेळ आली तेव्हा याच जासुदानं आडवाटेनं महाराजांना पट्टा गडाला पोचवलं, एवढं त्यात येतं. आणि नावाशिवायचे दगड तर सोलापूर जिल्ह्यात गावोगाव आहेत. वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाई वळवून नेणारे चोर, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेकांवर अक्षर नाही. दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. त्याच्या अखेरीस 'वाछि तो विजेयां होईवा', म्हणजे वाचेल तो विजयी होवो, असं वाचणाऱ्यासाठी केलेलं मागणं आहे. वीरगळावर वाचायला काहीच नसतं, पाहावं लागतं.

हे दगड मारुतीच्या देवळाच्या भिंतीला टेकवलेले किंवा पारावर पडलेले सापडतात, आणि बहुतेकांवर चुन्याचे किंवा ऑइलपेंटचे थर असतात. ते काढायला तारेचा ब्रश, ॲसिड किंवा खरवडणी वापरू नये, कोरीव काम रंगाबरोबरच निघून जातं. चुना असेल तर साधं पाणी आणि मऊ नारळी कुंचा, थोडं थोडं करून, दोन-तीन दिवस. ऑइलपेंट असेल तर हात न लावता पुरातत्त्व खात्याला कळवावं. दगड हलवू नये, कुठे उभा होता त्याची नोंद करावी. फोटो सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी घ्यावा, ऊन कडेनं यायला हवं. दुपारी समोरून काढलेल्या फोटोत नुसता सपाट काळा दगड येतो. कडेच्या उन्हात मधल्या चौकटीतली सावली उठते, आणि अप्सरांच्या मधे हात वर केलेला माणूस दिसतो.